पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा?

आरमाराच्या इतिहासाविषयीं लिहूं लागलें म्हणजे लेखकांची दृष्टि प्रथम मोठमोठ्या लढाऊ जहाजांकडे वळते, आणि तें स्वाभाविकच आहे. पंचवीस-तीस हजार टनांचें तें धूड, त्यावरील प्रचंड तोफा आणि हजारबाराशें माणसांचा त्यावरील संसार, यांचें वर्णन वाचतांना मन दिपून जातें. त्या मानानें विनाशिका, म्हणजे जिला इंग्रजींत डिस्ट्रॉयर म्हणतात ती नौका, दिसण्यांत अगदींच किरकोळ. तिच्या कुशीचें पोलाद इतकें पातळ कीं, अमेरिकन खलाशी तिला थट्टेनें 'पत्र्याचा डबा' म्हणत. अशा नौकेच्या इतिहासांत सुशिक्षित गृहस्थास रस वाटावा असें काय आहे, असें कोणी विचारील तर त्याचा प्रश्न गैर म्हणतां येणार नाहीं.

परंतु विनाशिका एकटी क्वचितच लढते. ती लढते पथकानें. आणि पथक म्हटलें कीं, पुढारी आला, अनुयायी आले, आणि त्या दोघांमधील नातेंही आलें. पुढची नौका वळली कीं मागचीनें वळावयाचें, पुढची थांबली कीं मागचीनें थांबावयाचें, हा पथकाचा पहिला धडा. 'पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा' अशी आपल्याकडे म्हण आहे. या म्हणींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, मागच्यास थांबावयास वेळ असतो आणि थांबण्याची मोकळीकही असते. काळोख्या रात्रीं ताशीं वीस सागरी मैलांच्या वेगानें धांवणाऱ्या पथकांत पुष्कळदां यांतलें एकही नसतें. तेव्हां अनुयायानें पुढाऱ्यावर किती विसंबावें आणि स्वतःचे डोळे किती उघडे ठेवावे, हा प्रश्न विनाशिकांच्या पथकांस जितक्या कठोरपणें सोडवावा लागला, तितका फार थोड्या मानवी संस्थांस लागला असेल. या लेखांत आम्ही त्या प्रश्नाचा थोडा मागोवा घेणार आहों.

प्रथम या नौकेची कुळकथा सांगितली पाहिजे. १८६६ सालीं फ्यूम बंदरांत रॉबर्ट व्हाइटहेड नांवाच्या इंग्रज यंत्रज्ञानें पाण्याखालून स्वतःच्या बळानें धांवणारा पाणतीर तयार केला. या एका शोधानें आरमाराचें सारें अंकगणित बिघडून गेलें. पूर्वीं मोठें जहाज बुडवावयास तितकेंच मोठें जहाज लागे. आतां एखाद्या चिमुकल्या बोटीनें रात्रीं जवळ जाऊन पाणतीर सोडला कीं काम भागूं लागलें. १८९१ सालीं चिली देशांतील यादवी युद्धांत 'ब्लांको एन्कालादा' हें चिलखती जहाज दोन लहान पाणतीर-नौकांनीं अशाच रीतीनें बुडविलें, तेव्हां ही भीति पुस्तकी नाहीं हें सर्व राष्ट्रांस कळून चुकलें. या बोटींचा समाचार घेण्यासाठीं त्यांच्याहून थोडी मोठी, त्यांच्याहून वेगवान आणि चांगल्या तोफा असलेली नौका काढणें इंग्लंडला भाग पडलें. १८९३ सालीं यॅरो कंपनीनें बांधलेली 'हॅवॉक' ही त्या जातीची पहिली इंग्रज नौका पाण्यांत उतरली. तिचें वजन सुमारें २४० टन आणि वेग सुमारें २६ नॉट होता. 'पाणतीर-बोटींची विनाशिका' असें तिचें लांबलचक नांव पडलें, आणि पुढें त्यांतील 'विनाशिका' एवढाच शब्द शिल्लक राहिला.

गंमत अशी कीं, ज्या बोटींचा नाश करण्यासाठीं ही जन्मली, त्यांचेंच काम तिनें थोड्याच वर्षांत हिसकावून घेतलें. चोर धरण्यास नेमलेल्या शिपायानें चोराचींच हत्यारें उचलावीं, तसा हा प्रकार झाला. १९०४ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत जपानी विनाशिकांनीं पोर्ट आर्थर बंदराबाहेर नांगरलेल्या रशियन आरमारावर रात्रीं अकस्मात् हल्ला केला व 'त्सेसारेविच', 'रेत्विझान' आणि 'पल्लादा' या तीन मोठ्या जहाजांस पाणतिरांनीं जायबंदी केलें. त्या रात्रीपासून विनाशिका ही रात्रीच्या युद्धाची नायिका ठरली.

एका पाणतिराचा नेम चुकण्याचा संभव फार. दहावीस पाणतीर एकदम पंख्यासारखे पसरून सोडले तरच एखादा लागावयाचा. म्हणून विनाशिका जथ्यानें वापरणें प्राप्त झालें आणि त्यांतून पथकाची रचना निघाली. इंग्रज आरमारांत या जथ्यास 'फ्लोटिला' म्हणत. पहिल्या महायुद्धांत अशा जथ्यांत पुष्कळदां वीसच्या आसपास नौका असत. परंतु इतक्या नौका एका माणसास रात्रीं हांकतां येत नाहींत असा अनुभव आल्यावर पुढें आठ नौका आणि एक नायक-नौका असा आकार ठरला. नायक-नौका इतरांहून किंचित् मोठी असे, कारण पथकाच्या प्रमुखाचे कारकून, संदेशवाहक आणि मार्गदर्शक अधिकारी तिच्यावर रहावयाचे. त्या प्रमुखास 'कॅप्टन डी' असें सुटसुटीत नांव होतें. अमेरिकन आरमारांत नौकांचा 'डिव्हिजन' आणि डिव्हिजनांचें 'स्क्वाड्रन' अशी मांडणी असे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं चार-चार नौकांचीं दोन डिव्हिजनें आणि एक ध्वजनौका, म्हणजे एकूण नऊ नौका, हा स्क्वाड्रनचा साधारण नमुना होता.

या प्रमुखाचें काम केवळ लढाईपुरतें नसे. नौकांची दुरुस्ती, दारूगोळ्याचा पुरवठा, खलाशांचें शिक्षण, नव्या कप्तानांची पारख हें सारें त्याच्याच माथीं. पण येथेंच रचनेंतील मूळची अडचण आहे. प्रत्येक नौकेस स्वतःचा कप्तान असतो, आणि आपल्या नौकेच्या व माणसांच्या सुरक्षिततेची जबाबदारी आरमाराच्या कायद्यानें त्याच्यावरच असते. म्हणजे नौका एक आणि तिला हुकूम देणारे दोन. दिवसा, निशाणांची भाषा दिसत असतां, हें निभावतें. रात्रीं दिवे मालवलेले, बिनतारी यंत्र मुकें ठेवलेलें, पुढच्या नौकेमागें उठणारा फेंसाचा पांढरा पट्टा एवढीच काय ती खूण, अशा वेळीं मागच्या कप्तानानें त्या पट्ट्यावर डोळे लावून चालावें कीं नकाशावर?

नायकाच्या मागोमाग जाण्याच्या पद्धतींत नायकच पडला तर काय होतें, तें १९१६ सालच्या जटलंडच्या लढाईंत दिसलें. ३१ मे च्या रात्रीं इंग्रजांच्या चवथ्या फ्लोटिलाची जर्मन लढाऊ जहाजांशीं अंधारांत अगदीं जवळून गांठ पडली. नायक-नौका 'टिप्परेरी' जर्मन तोफांच्या माऱ्याखालीं पेटली व तिचा कप्तान विंटूर मारला गेला. मागाहून पुढारपण 'ब्रोक' या नौकेकडे आलें. तिलाही गोळे लागले, सुकाणू अडकलें आणि ती गरकन् वळून स्वतःच्याच पथकांतील 'स्पॅरोहॉक'वर आदळली. त्या दोघी अडकून पडल्या असतांना 'कॉन्टेस्ट' ही तिसरी नौका येऊन 'स्पॅरोहॉक'वर धडकली. शौर्याची तेथें मुळींच वाण नव्हती. वाण होती ती नायक नसतांना प्रत्येकानें काय करावयाचें याच्या पूर्वयोजनेची. शत्रूचीं मोठीं जहाजें आपल्या डोळ्यांसमोरून निसटून जात आहेत, हें त्या रात्रीं कित्येक विनाशिकांस दिसलें. पण तें वरिष्ठांस कळविण्याचें बहुतेकांच्या मनांत आलें नाहीं. वरिष्ठांस दिसतच असेल, असें त्यांनीं गृहीत धरलें.

जटलंडला निदान शत्रु तरी होता. याहून विलक्षण गोष्ट सात वर्षांनीं, भर शांततेच्या काळांत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर घडली. ८ सप्टेंबर १९२३ रोजीं अमेरिकन आरमाराच्या अकराव्या विनाशिका-स्क्वाड्रनच्या चौदा नौका सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन डिएगोस निघाल्या होत्या. प्रमुख कॅप्टन एडवर्ड वॉट्सन हा 'डेल्फी' या ध्वजनौकेवर होता. ताशीं वीस नॉटांचा वेग सतत राखून जावयाचें, असा तो सरावाचा प्रवास होता. हवा धुंद झाली, किनारा दिसेनासा झाला, आणि वेग, वेळ व दिशा यांच्या हिशेबावरूनच आपण कोठें आहों तें ठरवावें लागलें. पॉइंट आर्ग्वेलो येथें बिनतारी संदेशाची दिशा सांगणारें एक केंद्र नुकतेंच सुरू झालें होतें. नौका अद्यापि भूशिराच्या उत्तरेसच आहेत, असें त्या केंद्राच्या मापनावरून निघत होतें. परंतु हें यंत्र नवें. त्यावर 'डेल्फी'च्या अधिकाऱ्यांचा विश्वास बसला नाहीं. आपण भूशीर ओलांडलें आहे असा त्यांचा हिशेब होता. पाण्याची खोली मोजून पाहिली असती तर खरें-खोटें झालें असतें. पण त्यासाठीं वेग कमी करावा लागला असता, आणि तो तर करावयाचा नव्हता.

रात्रीं नऊ वाजतां 'डेल्फी' पूर्वेकडे वळली. सँटा बार्बराच्या खाडींत आपण शिरत आहों, असा तिचा समज होता. प्रत्यक्षांत समोर होंडा पॉइंटचे खडक होते. त्या जागेस फार पूर्वींपासून 'सैतानाचा जबडा' असें नांव पडलेलें होतें. पांच मिनिटांनीं 'डेल्फी' पूर्ण वेगांत खडकावर आदळली. तिनें भोंगा वाजवून मागच्यांस सावध केलें, पण मागच्या नौका अवघ्या कांहीं शें हातांवर होत्या. 'एस. पी. ली', 'यंग', 'वुडबरी', 'निकोलस', 'फुलर', 'चॉन्सी', एकामागून एक सहा नौका खडकांवर गेल्या. 'यंग'ची कूस पाण्यांतील खडकानें फाडली आणि ती दीड-दोन मिनिटांत कलंडली. तिचेच वीस खलाशी गेले, 'डेल्फी'चे तीन. सात नौका आणि तेवीस माणसें अशी ही आहुति शत्रूचा एकही गोळा न उडतां पडली. शांततेच्या काळांत एकाच प्रसंगीं अमेरिकन आरमारानें इतक्या नौका दुसऱ्या कधींही गमावल्या नाहींत.

पण त्या चौदांपैकीं सात वांचल्या, हेंही विसरतां कामा नये. 'फॅरागट' आणि 'सॉमर्स' खडकांस घांसून कशाबशा मागें सरल्या. शेवटच्या चार नौकांचें डिव्हिजन कमांडर रोपर याच्या हाताखालीं होतें. पुढें कांहीं विपरीत घडत आहे हें ध्यानांत येतांच त्यानें आपल्या नौका थांबविल्या आणि चारही सुखरूप राहिल्या. अंतर जास्त असल्यामुळें त्यास वेळ मिळाला हें खरें. परंतु मिळालेल्या वेळाचा त्यानें उपयोग केला हेंही तितकेंच खरें.

पुढें चौकशी झाली. अकरा अधिकाऱ्यांवर लष्करी न्यायालयांत खटले चालले. वॉट्सननें सारा दोष उघडपणें आपल्याकडे घेतला, आणि त्याच्या या सरळपणाबद्दल त्याची वाखाणणीही झाली. तो आणि 'डेल्फी'चा कप्तान हंटर यांस शिक्षा होऊन त्यांची सेवाज्येष्ठता घटली. तिसऱ्या एका अधिकाऱ्यास दोषी ठरविलें होतें, तो निर्णय पुढें रद्द झाला. बाकीचे सुटले. या निकालाचा अर्थ काय समजावयाचा? मागून जाणाऱ्या कप्तानाचा कांहींच दोष नाहीं, असा? खटले भरले जावेत यावरून तसें म्हणतां येत नाहीं. ते सुटावेत यावरून त्यांचा दोष होता असेंही म्हणतां येत नाहीं. पुढाऱ्यामागें जा, असें ज्यास वर्षानुवर्षें शिकविलें, त्यानें एका रात्रीं तें शिक्षण झुगारून कां दिलें नाहीं, असा जाब त्यास विचारणें न्यायाधीशांसही जड गेलें असावें. आमच्या मतें दोष एका माणसाहून शिक्षणाचा अधिक होता.

आतां याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहूं. होंडा पॉइंटला अनुयायांनीं प्रश्न विचारला नाहीं म्हणून नाश झाला; ग्वादालकनाल बेटाजवळ १९४२ सालीं अनुयायानें विचारलें, आणि विचारण्यांतच संधि गेली. त्या सालच्या ३० नोव्हेंबरच्या रात्रीं रियर अॅडमिरल रायझो तानाका हा आठ जपानी विनाशिका घेऊन त्या बेटावरील उपाशी सैन्यास रसद पोंचविण्यास आला होता. त्यांपैकीं सहा नौकांवर रसदीचीं पिपें लादलेलीं होतीं. त्याच्या वाटेवर अॅडमिरल राइट याच्या हाताखालीं पांच अमेरिकन क्रूझर आणि सहा विनाशिका दबा धरून होत्या. राइटकडे या दलाचें नेतृत्व दोनच दिवसांपूर्वीं आलें होतें. विनाशिकांनीं प्रथम गुपचूप पाणतीर सोडावे व मग क्रूझरांनीं तोफा डागाव्या, अशी योजना कागदावर होती.

आघाडीच्या 'फ्लेचर' या विनाशिकेस रडारवर शत्रु स्पष्ट दिसला. तिचा कप्तान कोल यानें पाणतीर सोडण्याची परवानगी मागितली. अंतर फार आहे कीं काय, या शंकेनें राइट घुटमळला. परवानगी मिळाली ती चार मिनिटांनीं. तेवढ्यांत जपानी नौका पुढें सरकल्या होत्या आणि पाणतिरांस त्यांचा पाठलाग करावा लागला. वीसांपैकीं एकही लागला नाहीं. उलट अमेरिकन तोफांच्या उजेडांत क्रूझर दिसतांच तानाकाच्या विनाशिकांनीं, त्याच्या हुकुमाची फारशी वाट न पाहतां, शिकविल्याप्रमाणें आपले लांब पल्ल्याचे पाणतीर सोडले. 'नॉर्थअॅम्प्टन' बुडाली; 'मिनिआपोलिस', 'न्यू ऑर्लिन्स' आणि 'पेन्साकोला' या तीन क्रूझर मोडून पडल्या; सुमारें चारशें अमेरिकन मेले. जपान्यांची 'ताकानामी' ही एकच नौका गेली. आणि नंतर या अपयशाचा मोठा वांटा कोणाच्या पदरीं घालण्यांत आला? ज्यानें वेळेवर परवानगी मागितली होती त्या कोलच्या! त्यानें पाणतीर फार दुरून सोडले, असा वरिष्ठांनीं ठपका ठेवला.

या दोन प्रसंगांतून धडा घेणारीं माणसें त्याच आरमारांत निघालीं, ही समाधानाची गोष्ट होय. त्यांतील प्रमुख आर्ले बर्क. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, विनाशिका क्रूझरांच्या शेपटीस बांधून ठेवूं नयेत, आणि शत्रु दिसतांच आघाडीच्या विनाशिकांनीं हुकुमाची वाट न पाहतां हल्ला करावा. हें ऐकावयास सोपें वाटतें. पण त्याच्या मागें एक अट आहे. हल्ला कसा करावयाचा, कोणी कोणत्या बाजूस वळावयाचें, तोफा केव्हां सुरू करावयाच्या, हें सर्व कप्तानांस आधींच एकत्र बसून ठाऊक झालें पाहिजे. हुकूम द्यावयाचा तो शांतपणें, उजेडांत, आदल्या दिवशीं. अंधारांत तो द्यावयास वेळच उरूं नये.

६ ऑगस्ट १९४३ च्या रात्रीं वेला आखातांत याची परीक्षा झाली. कमांडर फ्रेडरिक मूसब्रुगर यानें सहा विनाशिकांचीं दोन डिव्हिजनें केलीं: एकानें पाणतीर सोडून वळावयाचें, दुसऱ्यानें वेगळ्या बाजूनें तोफांचा मारा करावयाचा. ही योजना बर्कनें आंखलेली होती. सैन्य घेऊन येणाऱ्या चार जपानी विनाशिकांपैकीं 'हागिकाझे', 'आराशी' आणि 'कावाकाझे' या तीन बुडाल्या. अमेरिकन नौकांस ओरखडाही उठला नाहीं. त्याच वर्षीं २५ नोव्हेंबरच्या पहांटे सेंट जॉर्ज भूशिराजवळ स्वतः बर्कनें तेविसाव्या स्क्वाड्रनच्या पांच नौकांनिशीं पांच जपानी विनाशिकांवर हल्ला चढविला व तीन बुडविल्या. याही वेळीं त्याची एकही नौका गेली नाहीं. या लढाईच्या आधींची एक लहानशी गोष्ट फार बोलकी आहे. पथकांतील 'स्पेन्स' या नौकेच्या बॉयलरमध्यें बिघाड झाला होता. तिला मागें ठेवण्याऐवजीं बर्कनें साऱ्या पथकाचा वेग तिच्या बेतानें ठेवला आणि आपण ३१ नॉटांनीं येत आहों असें कळविलें. त्यावरून 'एकतीस-नॉटी बर्क' हें थट्टेचें नांव त्यास कायमचें चिकटलें. पथकाचा वेग हा त्यांतील सर्वांत मंद नौकेचा वेग होय, हें त्यास पूर्ण ठाऊक होतें.

इतिहास येथेंच थांबता तर तो नीतिकथेसारखा सुटसुटीत झाला असता. पण तीच 'स्पेन्स' वर्षभरानें, १८ डिसेंबर १९४४ रोजीं, अॅडमिरल हॉल्सीच्या मोठ्या ताफ्याबरोबर फिलिपाइन्सच्या पूर्वेस एका भयंकर वादळांत सांपडली. ताफ्यांतील आपली जागा राखण्याच्या प्रयत्नांत कित्येक लहान नौकांनीं नको तितका वेळ घालविला. 'स्पेन्स', 'हल' आणि 'मोनाहन' या तीन विनाशिका उलटल्या आणि ताफ्यांतील सातशेंहून अधिक माणसें बुडालीं. यानंतर अॅडमिरल निमिट्झनें साऱ्या ताफ्यास पत्र लिहून बजावलें कीं, नौका धोक्यांत आहे असें दिसल्यावर ताफ्यांतील जागेचा मोह सोडून ती वांचविणें हें कप्तानाचें कर्तव्य आहे, आणि तें हातपाय चालत असतांनाच केलें पाहिजे. होंडा पॉइंटला जें उत्तर न्यायालयास स्पष्ट देतां आलें नव्हतें, तें एकवीस वर्षांनीं एवढी किंमत मोजल्यावर कागदावर आलें.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून आपण दूर ठेवूं नये. १९४९ सालीं भारतानें 'रजपूत', 'रणजित' आणि 'राणा' या तीन विनाशिका इंग्लंडकडून घेतल्या. त्यांतील 'रजपूत' ही पूर्वींची 'रॉदरहॅम', म्हणजे नायक-नौका म्हणूनच बांधलेली होती. १९९७ सालीं मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली 'दिल्ली' ही विनाशिका आपल्या नौदलांत दाखल झाली, आणि त्या गोदीनें तिच्यामागून अनेक विनाशिका दिल्या. नौका आपल्या, माणसें आपलीं. तेव्हां त्यांना बांधणाऱ्या शिस्तीचा विचारही आपलाच.

आज रडार, उपग्रह आणि संगणक यांमुळें शेंकडों मैलांवर बसलेल्या सेनापतीस सारा समुद्र पडद्यावर दिसूं शकतो. यामुळें प्रश्न सुटला असें कित्येकांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. वरिष्ठास जितकें अधिक दिसतें, तितका त्यास प्रत्येक बारीकसारीक हुकूम स्वतः देण्याचा मोह होतो, आणि कनिष्ठास प्रत्येक गोष्ट विचारण्याचा. राइटचीं तीं चार मिनिटें कोणत्याही यंत्रानें आपोआप वांचत नाहींत. तीं वांचतात ती पुढाऱ्यानें आधींच विश्वासानें दिलेल्या अधिकारामुळें, आणि अनुयायानें आधींच कमावलेल्या अकलेमुळें. मागच्यानें शहाणें व्हावें अशी ज्या पुढाऱ्याची इच्छा असेल, त्यानें स्वतःस ठेंच लागण्यापूर्वींच त्यास थांबण्याची मोकळीक देऊन ठेवावी.